इन्स्पेक्टरकाका

आमच्या गल्लीत कोणी 'इन्स्पेक्टर आले' म्हटलं की नवा भाडेकरू आधी हेल्मेट शोधतो. काका पोलिसांतले नव्हेत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. त्यातल्या तपासणी खात्यात काकांनी उभी हयात काढली. गेजमध्ये बसलं ते पास, नाही बसलं ते रिजेक्ट. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण गेज हातातून सुटलं नाही. हल्ली ते झाडांना लागतं.

काकांच्या घराभोवती, कंपाउंडच्या भिंतीलगत मातीचा पट्टा आहे, रुंदी दीड फूट. त्याच्या अलीकडे स्कूटर आणि काकूंची धुण्याची तार. झाड जरा पसरलं की स्कूटर अडते आणि साडी फाटते, म्हणून अट एकच : उंच आणि सडपातळ. स्वतः काका पाच फूट दोन इंच, घेराला सढळ. हा विषय त्यांच्यासमोर कोणी काढत नाही.

उरुळी कांचनकडच्या नर्सरीत मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. माळी उत्साहानं म्हणाला, "जास्वंद न्या साहेब, भरगच्च फुलते."

काकांनी खिशातून टेप काढला. "भरगच्च नको. कंबर किती?"

जास्वंद हातपाय पसरते, रिजेक्ट. शेवंती बुटकी, रिजेक्ट. मोगऱ्याकडे तर त्यांनी पाहिलंही नाही. उन्हाच्या बाजूसाठी पास झाली गुलछडी, ग्लॅडिओलसचे कंद आणि माळी ज्याला डॉग फ्लॉवर म्हणतात तो. गुलखैरा सवलतीत सुटला. ऑक्टोबरात पेरला की फेब्रुवारी-मार्चपर्यंत तो माणसाच्या डोक्यावर जातो खरा, पण बुडाशी पानांचा घेर मोठा. "खालची पानं छाटता येतील," असा शेरा मारून काकांनी बी खिशात टाकलं. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनातही ते टेप घेऊनच जातात. फुलांना हात लावू नये हे त्यांना मान्य आहे. टेपबद्दल कुठं काही लिहिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं.

सावलीच्या बाजूचा मामला मात्र चिघळला. डिसेंबरात काकांनी उत्तरेकडच्या पट्ट्यात तासातासाला खडूनं सावलीच्या रेघा ओढल्या, शेजारी वेळ लिहिली. भांडीवाल्या मावशी आठवडाभर त्या रेघांवरून उड्या मारत होत्या. दिवसभर घराची सावली हटत नाही हे सिद्ध झालं आणि तिथं सोनटक्का लागला. अर्धी सावली, ओलसर माती, चार-पाच फूट उंची, सगळं मापात.

मेच्या मध्यावर पुण्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेलाच असतो. म्हणजे डिसेंबरातली हक्काची सावली ऐन उन्हाळ्यात फितूर होते. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकात हे सापडणार नाही, कारण त्यांच्याकडे सूर्य कधी डोक्यावर येतच नाही. सोनटक्क्याची पानं कडेनं पापडासारखी झाली. काका कमरेवर हात ठेवून वर बघत उभे होते. सूर्य रिजेक्ट करता येत नाही, एवढंच त्यांना खटकत होतं. मग हिरवी जाळी आली, दोन वेळचं पाणी आलं, पुढे ढग आले आणि सोनटक्का सावरला. श्रावणात फुललाही. पण काकांच्या मनातून तो उतरला तो उतरलाच.

त्याची जागा पेवानं घेतली. मूळचं रानातलं झाड. कंद उन्हाळाभर जमिनीखाली झोपतो, पावसाबरोबर वर येतो, लाल बोंडातून चुरगळलेल्या कागदासारखी पांढरी फुलं काढतो आणि थंडीत परत गायब. "मेमध्ये ड्युटीवरच नाही!" काका खूश. शिवाय दांडा सरळ वाढत नाही, पानं त्याच्याभोवती गोल फिरत चढतात. कारखान्यातला माणूस, त्यानं दांडा दोन बोटांत धरून हळूहळू फिरवला आणि मला बोलावलं, "आटे बघा, आटे! एक चुकलेला नाही."

आता उरली चोरी. भिंत फार उंच नाही, गुलछडीचा दांडा तिच्यावर डोकावतो आणि पहाटे फिरायला निघालेल्या भाविकांना देव आठवतो. काकांचा राग फुलं नेण्यावर नव्हता, दांडा मोडण्यावर होता. गुलछडी खालून वर उमलते. दांडा मोडला की वरच्या कळ्या फुकट जातात. म्हणून त्यांनी पाटी लावली : 'फुले चोरणाऱ्यांनी खालची उमललेली फुले खुडावीत. दांडा मोडू नये. कळ्या अजून पास झालेल्या नाहीत.'

दुसऱ्या दिवशी खाली कोणीतरी खडूनं लिहिलं होतं, 'हात पोचत नाही.'

काकांनी ते दोनदा वाचलं. टेप काढला, रस्त्यापासून सर्वांत खालच्या फुलापर्यंत माप घेतलं.

"हात पोचत नाही म्हणे," ते मला हळूच म्हणाले. "म्हणजे समोरच्या बिल्डिंगमधले उंच लोक सगळे सुटले. आता फक्त तुमच्या मजल्यावरचे राहिले."