तेलगावात ड्रोन घेताना

तेलगावच्या चौकात माझा फोटो स्टुडिओ आहे. इथून एक रस्ता माजलगावला, एक धारूरला, एक वडवणीवरून बीडला आणि एक सिरसाळ्यावरून परळीला जातो. त्यामुळे चारी दिशांचे जाणकार दिवसभर माझ्या दुकानासमोर गाडीची वाट बघत उभे असतात आणि गाडी येईपर्यंत मला शहाणं करत असतात. हल्ली त्यांचा विषय एकच, घडीचा ड्रोन. पासपोर्ट फोटोला बसलेलं गिऱ्हाईक हनुवटी वर करता करता विचारतं, "फोटोवाले, ते ड्रोन घ्यावं का? मोबाईलवर लई स्वस्त दाखवायलंय." असं विचारणाऱ्याने बहुधा पैसे आधीच भरलेले असतात. त्याला सल्ला नको असतो, आशीर्वाद हवा असतो.

आशीर्वाद द्यायचा तर आपण देव एकदा पाहिलेला बरा, म्हणून मीही एक मागवला. तीन हजारांच्या आतला. कंपनीचं नाव विचारू नका. खोक्यावर एक आहे, पुस्तिकेत दुसरं आणि मोबाईलवर उतरवायच्या ॲपमध्ये तिसरंच.

हातपाय दुमडून ड्रोन पिशवीत टाकायची कल्पना 2016 साली डीजेआयच्या मॅविक प्रोने लोकप्रिय केली. तेव्हापासून तसल्याच अंगाचे इतके स्वस्त ड्रोन निघाले, की खोक्यावरच्या चित्रात मूळ कुठलं आणि नक्कल कुठली हे मलाही ओळखता येत नाही, आणि मी वीस फुटांवरून जुळी भावंडं ओळखणारा माणूस आहे. घडी मात्र झकास. चारही पाय आत घेतले की ड्रोन बंडीच्या खिशात मावतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळ्यात आधी वजन. शेजारच्या सोनाराच्या काट्यावर तो दहा तोळ्यांच्या आत भरला. सोनार म्हणाला, "एवढ्या वजनाचं माझ्याकडं तीन हजारांत काहीच नाही. घेऊन टाका." हे गमतीचं झालं, पण ड्रोनच्या दुनियेत वजनाएवढी महत्त्वाची गोष्ट नाही. आपल्याकडे 25 ऑगस्ट 2021 ला ड्रोन नियम आले. त्यांत 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो आणि तिथून दोन किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनो उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो हौसेखातर उडवला तरी लागत नाही, धंद्यासाठी उडवला की लागतं. अमेरिकेतही नोंदणीची रेघ अडीचशे ग्रॅमच्या आसपासच आहे, म्हणून 2019 साली मॅविक मिनी आला तो बरोबर 249 ग्रॅमचा. जपानमध्ये तेव्हा ही रेघ 200 ग्रॅमवर होती, तर तिकडच्यासाठी तोच ड्रोन हलकी बॅटरी लावून 199 ग्रॅमचा केला. एक ग्रॅम राखून कायद्याच्या अलीकडे राहायची ही कला बघितल्यावर डीजेआयचं मूळ आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यात असावं असा मला संशय आला होता, पण कंपनी चीनची निघाली.

आणखी एक नियम. हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून 400 फुटांपर्यंत उडवायला परवानगी मागावी लागत नाही. आपली जागा हिरव्या क्षेत्रात आहे की पिवळ्या-लाल, हे सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशावर बघायचं. माझ्या ड्रोनपुरती मात्र ही मर्यादा सरकारने उगाच घातली. चाळीसेक फुटांवर तो आपण होऊन थांबतो आणि पुढचं सगळं वाऱ्यावर सोडतो.

वाऱ्याचं म्हणाल तर तो सोनं तोलायच्या काट्यावर कळत नाही. 249 ग्रॅमचे चांगले ड्रोन ताशी तीसेक किलोमीटरच्या वाऱ्यात एका जागी उभे राहतात, कारण त्यांच्यात जीपीएस असतं, आपण कुठे आहोत हे त्यांना उपग्रहाकडून कळतं. माझ्या ड्रोनला आपण कुठे आहोत हे कळत नाही आणि त्याची त्याला चिंताही नाही. रिमोटवर घराचं चित्र असलेलं एक बटण आहे. ते दाबलं की ड्रोन घरी येतो, असं पुस्तिकेत छापलंय. प्रत्यक्षात जमिनीवरून उठताना त्याचं तोंड जिकडे होतं त्याच्या उलट दिशेला तो सरळ चालू लागतो. त्या दिशेला घर असेल तर तुमचं नशीब. माझ्या घराच्या गच्चीवरून ते बटण दाबलं तेव्हा तो माजलगावच्या रस्त्याला लागला. बायको म्हणाली, "आवं, त्याला कुणीतरी एसटीत बसवून द्या, म्हंजे नीट जाईल."

कॅमेरा माझ्या धंद्यातला, त्यामुळे तिथे मी कुणाचं ऐकत नाही. खोक्यावर 4के लिहिलंय. संगणकावर चित्र उघडून बघितलं, तर छोटं चित्र ताणून मोठं केलेलं. लिंबाची पानं वेगळी दिसत नाहीत, नुसता हिरवा लपका दिसतो. त्यात हे चित्र वायफायवरून मोबाईलवर यायला अंमळ वेळ लावतं. स्क्रीनवर लिंब समोर दिसतो तेव्हा ड्रोन लिंबात असतो. मोटारी कार्बन ब्रशच्या, काही तास फिरल्या की घासून संपणाऱ्या. ब्रशलेस हवी असेल तर पैसे वाढवावे लागतात, आणि या एका गोष्टीसाठी ते जरूर वाढवावेत. बॅटरी चार्जिंगला तासभर खाते आणि सात-आठ मिनिटांत सगळं परत मागते. तीही लाइट असेल तर.

पण हे झालं माझं मोजमाप. तेलगावचं वेगळं आहे.

गच्चीवर ड्रोन पहिल्यांदा उठला तेव्हा समोरच्या काकू लगबगीने ओट्याच्या पुढे दोन दगड मांडून मोकळ्या झाल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. 24 एप्रिल 2020 ला केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली. तिच्यात गावठाणातल्या घराभोवती चुन्याची रेघ मारायची, मग वरून ड्रोन फोटो घेणार, त्यावरून नकाशा आणि घराची मिळकत पत्रिका. ज्या गावाला आपल्या घराचा कागद ड्रोनमुळे मिळू शकतो, ते गाव ड्रोन बघून आधी हद्दच बघणार. मी वरून ओरडलो, "काकू, हा मोजणीचा न्हाई!" त्या म्हणाल्या, "नसू दे. दगडं राहू द्या."

तात्या तर दुसऱ्याच दिवशी दुकानात. "माझ्या बांधावरून एकदा फिरव. शेजाऱ्यानं दीड फूट कोरलाय. वरून एकदम सोच्छ दिसंल." मोजणीचा ड्रोन काही सेंटिमीटरपर्यंतचा हिशेब देतो, कारण खाली भारतीय सर्वेक्षण विभागाची ठाणी त्याला दर क्षणी दुरुस्त करत असतात. माझ्या ड्रोनला दुरुस्त करायला मी एकटा. तरी तात्यांच्या समाधानासाठी फिरवला. चित्रात बांध दिसला नाही, दीड फूट दिसला नाही, बांधावर हात हलवत उभे असलेले तात्यासुद्धा दिसले नाहीत. तात्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितलं आणि निकाल दिला, "त्यानं तुलाबी पैसे चारले."

मग फवारणीवाले आले. त्यांनी ड्रोन दीदी ऐकलेली. ती नमो ड्रोन दीदी योजना 15,000 महिला बचत गटांसाठी आहे, ड्रोनच्या किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त आठ लाख रुपये सरकार देतं. अनुदानच आठ लाखांपर्यंत, त्यावरून यंत्राची किंमत ओळखा. ते दहा-दहा लिटर औषध उचलतं. माझा ड्रोन मेमरी कार्ड घातलं तरी जरा वाकून उडतो. हे सांगितल्यावर एकजण म्हणाला, "मग ह्याचा उपेग काय?" अशा प्रश्नाला हौशी माणसाकडे उत्तर नसतं, म्हणून तर तो हौशी.

उपयोग काढला तो एका बागायतदाराने. "उसात रानडुकरं बसलीत का तेवढं बघ." हे मात्र मला पटलं. ऊस डोक्याच्या वर गेलेला, आत माणूस जायला धजत नाही, वरून नजर टाकायला ड्रोनएवढं बरं काय? डुकरं दिसली की नाही ते सांगता येत नाही, कारण उसाच्या शेंड्यावर आल्यावर बॅटरीने मान टाकली आणि ड्रोन सळसळत आत गेला. पाचट, काळोख आणि कदाचित डुकरं. आत शिरायला कुणी तयार होईना. बागायतदाराने नोंदवही आठवून सांगितलं, "ह्या फडाला अजून तोड यायचीय. नंबर लागला की टोळी येईल, तवा मिळंल. कारखान्यात नोंद हाय, घाबरू नका." ज्या जिल्ह्यातली माणसं कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, त्या जिल्ह्यात माझा ड्रोन तोडीचा नंबर लागायची वाट बघत पडला. अंधार पडल्यावर त्याचे लाल-हिरवे दिवे पाल्यातून लुकलुकले आणि बागायतदाराच्या पोराने तो काठीने ओढून काढला. पंखा एक गेला. पंखे दोन जातींचे असतात, एक उजवीकडे फिरणारा, एक डावीकडे. जात चुकवून बसवला की ड्रोन उठायच्या जागी कोलांटी मारतो. खोक्यात जादा पंखे आहेत का, हे घेताना नक्की बघा.

आता खरी परीक्षा.

2024 च्या ज्येष्ठ-आषाढात जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात रात्री ड्रोन फिरतात असा बोभाटा झाला. अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाचे आंदोलक मनोज जरांगे पाटलांच्या मुक्कामावर ड्रोनने टेहळणी होते ही तक्रार विधिमंडळात पोचली. गावोगाव माणसं गच्च्यांवर जागी राहू लागली. चोर ड्रोनने घरं हेरतात, ही अफवा ड्रोनपेक्षा वेगाने उडत होती. विमानाचा दिवा दिसला तरी पोरं काठ्या घेऊन धावत. ती भीती आता ओसरलीय, पण गेली नाही. जुन्या तापासारखी ती संध्याकाळी अंगात येते.

तर एका संध्याकाळी मी वस्तीच्या मागच्या मोकळ्या रानात, वारा पडलेला बघून, ड्रोन उडवत होतो. दिवस मावळला होता. अंधारात हा ड्रोन बिथरतो, कारण एका जागी उभं राहायला तो पोटाखालच्या कॅमेऱ्याने जमीन बघत असतो आणि जमीनच दिसेना झाली की भरकटतो. तेवढ्यात वस्तीवरून आवाज आला, "आलं रं! डरोन आलं!" बॅटऱ्या पेटल्या, कुत्री उठली. मी ड्रोन खाली घेतला, चारही पाय दुमडले, बंडीच्या खिशात घातला आणि रिमोट पाठीमागे कमरेला खोचला. गर्दी माझ्यापर्यंत आली तेव्हा मी आभाळाकडे बघत उभा होतो. गर्दीही माझ्यासोबत आभाळाकडे बघू लागली.

"कुणीकडं गेलं, फोटोवाले?"

"सिरसाळ्याकडं," मी म्हणालो.

पोलीस पाटील आले. मी जाणकार म्हणून त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुम्हाला काय वाटतंय? चोराचं असंल?" मी विचार करून सांगितलं, "इतक्या खालून गेला म्हंजे स्वस्तातला असावा." हे मत मी आजही बदलणार नाही. असल्या ड्रोनच्या भरवशावर घर हेरायचं तर आवाजाने सगळी आळी उठणार, चित्रात घर दिसणार नाही, आठव्या मिनिटाला यंत्र उसात पडणार आणि ते शोधायला चोराला गावाचीच मदत मागावी लागणार. पण रात्रीच्या गर्दीला असली तांत्रिक बाजू समजावून सांगायची नसते. पाटील माझ्या खांद्यावर हात ठेवून चहाला घेऊन गेले. खिशात ड्रोन गरम होता, तसाच बसून चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांच्या घरी जाऊन खिसा रिकामा केला. त्यांनी ड्रोन हातात घेतला, पाय उघडले, मिटले, पुन्हा उघडले. "ह्यो?" एवढंच म्हणाले. त्या एका अक्षरात सगळं परीक्षण आलं. नंतर त्यांच्या नातवाने तो अंगणात उडवला, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा बरा उडवला.

तेव्हा माझं मत असं. या किमतीत कॅमेरा मिळतो असं समजून घेऊ नका. बोटं वळवायला, डावं-उजवं अंगात मुरवायला ही शाळा चांगली आहे, पडला तरी जीव जात नाही. लग्नाचं चित्रीकरण, बांधाचा पुरावा, फवारणी, चोरी यांतल्या कशालाही तो उपयोगाचा नाही. खरंच फोटो हवे असतील तर पैसे साठवा आणि जीपीएस असलेला, ब्रशलेस मोटारींचा, अडीचशे ग्रॅमच्या आतला बघा. मात्र 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार परदेशी ड्रोन आणायला आपल्याकडे बंदी आहे, सुटे भाग येऊ शकतात. त्यामुळे परदेशी नाव स्वस्तात दिसलं की पावती आणि दुरुस्ती कोण करणार, हे आधी विचारा. जादा बॅटरी घ्या, फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नका, उन्हात गाडीत ठेवू नका. घडीला मी पैकीच्या पैकी गुण देतो, उड्डाणाला काठावर पास. उडवायचा तर सकाळी उडवा, वारा नसताना, उसापासून लांब, आणि आधी पोलीस पाटलांना सांगून.