पंपच गेलाय!

छोट्या गाडीचा फ्युएल पंप सांभाळणे व बदलणे : करवीरनगरीतल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कुणासाठी?

दारात मारुती ८०० किंवा तिच्या वयाची एखादी गाडी उभी आहे, ती अधूनमधून रस्त्यात गप्प होते आणि मालकाला पाना धरायची हौस आहे पण सवय नाही, अशा सर्वांसाठी. यांत्रिक ज्ञानाची अट नाही. कोल्हापुरात ते हवेतच असतं. याच गावात बाबूराव पेंटरांनी घरच्या घरी सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि १९२० साली त्यावर ‘सैरंध्री’ काढला. उद्यमनगरात आजही तुटका पार्ट काउंटरवर ठेवला की दोन दिवसांत त्याचा जुळा भाऊ हातात येतो. अशा गावात एवढ्याशा पंपासाठी गाडी टोचन लावून न्यायची म्हणजे घराण्याच्या अब्रूचा प्रश्न.

पायरी १ : आपला पंप कुठे राहतो ते शोधा

मारुती ८०० ची पहिली चावी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हातात पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. या तीस वर्षांत इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचंच राहिलं. पंपाने मात्र घर बदललं.

कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत तो बॉनेटखाली, इंजिनच्या हेडला चिकटून असतो. त्याच्या पोटात एक रबरी पडदा असतो, तोच डायफ्रॅम. कॅमशाफ्ट फिरला की एक दांडी हा पडदा वरखाली करते. मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढलं जातं आणि पुढे कार्बोरेटरला मिळतं. वीज लागत नाही, आवाज नाही, तक्रार नाही.

नंतरच्या एमपीएफआय गाडीत (म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) पंप विजेवर चालतो आणि थेट टाकीत, पेट्रोलमध्ये बुडून बसतो. त्याचा दाब साधारण तीन बार, म्हणजे तुमच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त.

दुकानात जाण्यापूर्वी एवढं पाठ करा. “मारुतीचा पंप द्या” म्हटलं की काउंटरवरचा माणूस मान वर न करता विचारतो, “कार्बोरेटर का एमपीएफआय?” यावर जो “पांढरी आहे” असं उत्तर देतो, त्यालाही पंप मिळतो. फक्त त्याचा भाव वेगळा लागतो.

पायरी २ : निदान

समजा, गाडी फुलेवाडी नाक्यावर बंद पडली. बॉनेट उघडा आणि बाजूला उभे राहा. पाच मिनिटांत निदान समिती आपोआप जमते. पहिला सदस्य बॅटरीची वायर हलवून बघतो. दुसरा “सेल्फ मार” म्हणतो आणि मारला की “बास, बास” म्हणतो. तिसरा मोटरसायकलवरून न उतरता, एक पाय जमिनीला टेकवून निकाल देतो : “पंपच गेलाय लगा. बदलून टाक, विषय संपला.” त्याला चहा विचारा. त्याचं ऐकू नका.

पंपावर आळ घेणं सोपं असतं, कारण तो उलटून बोलत नाही. चौकशी मात्र फुकटापासून सुरू करून खर्चाकडे न्यायची असते.

*पेट्रोल.* टाकीत आहे का? जुन्या गाडीचा काटा सांगतो ते पुरावा म्हणून धरू नये. गाडी बाजूने हलवा आणि डबडब ऐकू येते का बघा.

*झाकण.* टाकीत हवा जायची वाट बुजली, की पेट्रोल जाईल तशी आत पोकळी होते आणि पंप कितीही ओढो, पेट्रोल हलत नाही. गाडी बंद पडल्यावर झाकण सैल करा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि गाडी सुरू झाली, तर दोषी सापडला. या एका झाकणापायी कित्येक धडधाकट पंप भंगारात गेले आहेत.

*फिल्टर.* प्लॅस्टिकची छोटी डबी, आतला कागद चॉकलेटी झाला असेल तर बदला. डबीवर बाण असतो, तो पेट्रोल जाण्याच्या दिशेने ठेवायचा. बाण शोभेचा नाही.

*पाइप.* टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी पाइपला बारीक चीर असेल, तर पेट्रोल बाहेर गळत नाही, उलट पंप हवा ओढत बसतो. पाइप वाकवून बघा, म्हणजे चीर दिसते.

*करंट.* प्लगला ठिणगीच नसेल, तर पेट्रोल पोचूनही उपयोग नाही.

एवढं झाल्यावर पंपाची पाळी. कार्बोरेटरच्या गाडीत इग्निशन कॉइलची वायर काढा, पंपाकडून कार्बोरेटरला जाणारा पाइप सोडवून त्याचं तोंड बाटलीत धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. दमदार चिळकांड्या ठरावीक तालात पडल्या, तर पंप निर्दोष. नुसती ठिबक आली, तर पंप थकला. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली असेल, तर डायफ्रॅम फाटून पेट्रोल इंजिनात उतरतंय. मग गाडी तिथेच थांबवायची, पंपाबरोबर ऑइलही बदलायचं.

एमपीएफआय गाडीत चावी ‘ऑन’ करून कान मागे लावा. दोन-तीन सेकंद ‘सूंऽऽ’ आवाज आला, तर पंपाला वीज पोचते आहे. नाही आला, तर आधी फ्यूज आणि रिले तपासा. दोन्ही मिळून पंपाच्या किमतीचा लहानसा अंशही होत नाहीत.

पायरी ३ : जाळ आणि धूर

‘जाळ आणि धूर संगटच’ हे बोलणं आपल्याकडे तालमीपासून निवडणुकीपर्यंत सगळीकडे चालतं. पेट्रोलजवळ चालत नाही. इंजिन गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी उघड्यावर घ्या. बिडी-सिगारेटवाल्या सल्लागाराला आधी रंकाळ्यावर पाठवा. वायरला लटकणारा उघडा बल्ब वापरू नका. एमपीएफआयमध्ये पाइपात दाब साठलेला असतो. म्हणून बॅटरीची वायर काढण्याआधीच पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मगच पाइपला हात लावा. नाहीतर पहिला फवारा थेट डोळ्यांत येतो.

पायरी ४ : काढणे आणि बसवणे

कार्बोरेटरचा पंप दोन बोल्टांवर असतो. पाइप काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या : टाकीकडून येणारा, कार्बोरेटरला जाणारा आणि उरलेलं पेट्रोल टाकीकडे परतवणारा. “लक्षात राहील” असं म्हणणाऱ्याच्या आत-बाहेरच्या पाइपांची हमखास अदलाबदल होते. पंप आणि हेड यांच्यामध्ये फायबरचा जाड ठोकळा आणि पॅकिंग असतं. हा ठोकळा इंजिनची उष्णता पंपापर्यंत येऊ देत नाही, म्हणून ‘उरलेला पार्ट’ समजून खिशात टाकू नये. जुनं पॅकिंग खरवडून काढा, नवीन लावा. दांडी जागेवर बसताना जोर लागत असेल, तर इंजिन थोडं फिरवून कॅमचा उंचवटा बाजूला घ्या. बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळा. इथे हात तालमीतला नको, सोनाराचा हवा. हेड अॅल्युमिनियमचं असतं. आटे गेले, की रविवार संपला आणि सोमवारचा खर्च सुरू.

एमपीएफआयचा पंप काही गाड्यांत मागच्या सीटखालच्या झाकणातून निघतो, काहींत टाकी उतरवावी लागते. झाकण असेल तर प्रयत्न करा, पण तळाची जाळी आणि वरचं रबरी सील नवीन टाका. टाकी उतरवायची असेल, तर नवशिक्याने मेस्त्रीला हाक मारावी. त्यात अब्रूचा प्रश्न नाही.

शेवटी इंजिन चालू करून सगळे जोड बोटाने चाचपा. ओल लागली तर लगेच बंद करा. “थोडं ठिबकतंय, बसेल हळूहळू” हे वाक्य पाण्याच्या नळापुरतं ठेवा.

निगा : ऊस, घाट आणि पूर

पंपाच्या जुन्या रबराचा शत्रू आपल्याच शिवारात उगवतो. ऊस कारखान्यात गेला, मळीचं इथेनॉल झालं, ते पेट्रोलमध्ये मिसळलं. २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत हे प्रमाण ५ टक्क्यांपासून सुरू झालं, २०२२ मध्ये देशाने १० टक्के गाठले आणि २०२५ मध्ये २० टक्के. इथेनॉल जुन्या ठेवणीतलं रबर फुगवतं, टाकीतली वर्षानुवर्षांची घाण सोडवून फिल्टरकडे ढकलतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. त्यामुळे शिरोळ-कागलचा शेतकरी उसाच्या बिलाची वाट बघत असतो, तेव्हा त्याच उसाचा थोडा अंश दारातल्या गाडीचा डायफ्रॅम मऊ करत असतो. उपाय इथेनॉलला शिव्या घालणं हा नाही, उसाचं बिल वेळेवर निघणं त्यावरही अवलंबून आहे. जुने पाइप आणि डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारे घ्या, फिल्टर लवकर बदला, गाडी महिनोन्‌महिने तेच पेट्रोल घेऊन उभी ठेवू नका.

एमपीएफआयवाल्यांनी कायम रिझर्व्हवर फिरू नये. टाकीतलं पेट्रोलच त्या पंपाला गार ठेवतं. दोनशेचं पेट्रोल टाकत टाकत वाचवलेले पैसे तो एकदम वसूल करतो.

मे महिन्यात करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना कार्बोरेटरची गाडी दम सोडत असेल, तर पाइपात पेट्रोलची वाफ झाली आहे. गाडी सावलीत घ्या, पंपावर ओलं फडकं ठेवा, पाणी डिस्ट्रिब्युटरवर सांडू देऊ नका. अर्ध्या तासात गाडी चालू लागते. या वेळात पंप विकत घेण्याचा निर्णय घेऊ नका.

पुराचं वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली, महामार्ग बंद पडला आणि शहरात पेट्रोल अत्यावश्यक सेवेसाठी राखून ठेवावं लागलं. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला “चालू होतीय का बघू” म्हणून सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. टाकीत पाणी गेलं असेल तर आधी ती रिकामी करा. पाणी पेट्रोलखाली बसतं आणि पंप नेमका तळातूनच ओढतो.

निकाल

पंप बदलणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. तो खरंच बदलायला हवा का, हे ठरवायला मात्र डोकं थंड लागतं आणि नाक्यावरचा सल्ला बाजूला ठेवावा लागतो. आधी पेट्रोल, मग झाकण, मग फिल्टर, मग पाइप, मग करंट आणि सगळ्यात शेवटी पंप. हा क्रम बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी जमणाऱ्या समितीलाही वाचता येईल.