भजी आणि बनगरवाडी

सोसायटीच्या ग्रुपवर मध्यंतरी एक यादी आली. पावसाळ्यात वाचायलाच हव्यात अशा मराठी कादंबऱ्यांची. यादीसोबत फोटो होता. काचेवर ओघळणारे थेंब, कपातून निघणारी वाफ, बशीत कांदाभजी आणि बशीला टेकवून उभी केलेली 'बनगरवाडी'. खाली अंगठ्यांची रांग.

'बनगरवाडी'त पाऊस पडत नाही. तीच तर तिची गोष्ट आहे. एक तरणा मास्तर माणदेशातल्या धनगरवाडीवर येतो, शाळा चालवतो, गावाकडून तालीम बांधून घेतो, औंधचे राजेसाहेब येऊन जातात, आणि मग पाऊस दगा देतो. मेंढरं मरतात, माणसं चंबूगबाळं उचलून जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. असं पुस्तक भज्यांशेजारी ठेवण्याला वाचनसंस्कृती म्हणायचं की क्रौर्य? माझा संशय साधा आहे. फोटो काढणाऱ्याने पुस्तक उघडलेलंच नाही. उघडलं असतं तर एखाद्या पानावर तेलाचा डाग तरी पडला असता.

यादीचा एक फायदा मात्र झाला. गेले काही आठवडे घरात पाऊसगाणी लावून ठेवली आणि जुन्या कादंबऱ्या पुन्हा काढल्या. कान एका हवामानात, डोळे दुसऱ्या. मराठी गाण्यात पाऊस ठरल्या वेळी येतो, ठरलेल्या माणसावर पडतो आणि कडवं संपलं की थांबतो. मराठी कादंबरीत तो बहुधा येतच नाही, आला तर पेरणी वाहून नेतो. भाषा एक, आभाळ एक, हवामान खाती दोन.

गाण्यांच्या खात्याचा कारभार चोख आहे. पाडगावकरांनी शब्द दिले, खळ्यांनी चाल बांधली आणि लताबाई गायल्या की श्रावण लागला म्हणून समजावं. मग कॅलेंडर काहीही म्हणो. ग्रेस यांची कविता हृदयनाथांच्या आवाजात सुरू झाली की कोणीतरी निघून गेलेलं असतं आणि त्याशिवाय पाऊस पडायला तयार नसतो. 'गारवा' आला तेव्हा सौमित्रच्या कविता आणि मिलिंद इंगळेंची गाणी यांनी एक अख्खी पिढी ओली केली. त्या कॅसेटनंतर कॉलेजातला प्रत्येक मुलगा ढग दिसले की आवाज खर्जात नेऊन बोलायला लागला. मुलींनी हे फार सोसलं. गाणी सगळी अप्रतिम, त्याबद्दल वाद नाही. आजही लागली की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. पण यातल्या एकाही गाण्यात छत्री उलटी होत नाही. व्हायची गरजही नाही, ऐकणारा घरात असतो.

सरकारी हवामान खातं इतकं हळवं नाही. त्याच्या लेखी चोवीस तासांत निदान २.५ मिलिमीटर पाऊस पडला, तरच तो दिवस 'पावसाचा दिवस'. हा नियम गाण्यांना लावला तर आपली निम्मी पाऊसगाणी गारद होतील. गालावर ओघळलेला तो प्रसिद्ध थेंब कोणत्याही पर्जन्यमापकात नोंदला जात नाही. भुरभुर, झिमझिम, तुषार, शिडकावा हे सगळं खात्याच्या दृष्टीने कोरडंच. पुण्यातलं शिमला ऑफिस हा या रुक्षपणाचा जुना पत्ता. १९२८ साली खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं, पुढे ते दिल्लीलाही गेलं, नाव मात्र शिमल्याचंच राहिलं. पुण्यात एकदा पडलेलं नाव बदलत नाही, मुख्यालय बदलू शकतं.

हिंदीत एक सोय आहे. 'मंझिल' या १९७९च्या चित्रपटात पावसाचं एकच गाणं दोनदा येतं. एकदा किशोरकुमारच्या आवाजात, घरातल्या मैफलीत, अमिताभ पेटी घेऊन बसलेला, सगळे कोरडे. दुसऱ्यांदा लताबाईंच्या आवाजात, मुंबईच्या रस्त्यावर, खऱ्या पावसात; सुटाबुटातला अमिताभ आणि मौसमी चटर्जी चिंब भिजत चाललेले. योगेश यांनी लिहिलेलं, आर. डी. बर्मननी बांधलेलं तेच गाणं, पण पुरुषाने गायचं तर छताखाली आणि बाईने गायचं तर उघड्यावर. बासू चटर्जींना काही सुचवायचं होतं की नाही कोण जाणे, मला ते दर पावसाळ्यात नव्याने खटकतं आणि दर पावसाळ्यात मी ओलं गाणंच पुन्हा लावतो.

ते जोडपं दक्षिण मुंबईत फिरत होतं, हेही बरंच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४. म्हणजे एकाच शहरात एकीकडे माणसं गाडीत गुदमरून मेली आणि दुसरीकडे गाणं म्हणता आलं असतं. माणदेशात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. सांताक्रूझने जवळजवळ दोन वर्षांचा माणदेश एका दिवसात गटारातून वाहून जाताना पाहिला.

आणि आता माणदेशातलंच एक घर. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याच्या कुलकर्ण्यांचं. त्या घरातला थोरला मुलगा ग. दि. माडगूळकर. १९५३ साली 'देवबाप्पा' चित्रपटासाठी त्याने मोराला नाचायला लावणारं गाणं लिहिलं, पु. ल. देशपांड्यांनी चाल लावली, आशाबाई गायल्या. तेव्हापासून आजतागायत महाराष्ट्रातल्या एकाही बालवाडीचं स्नेहसंमेलन त्या मोराशिवाय पार पडलेलं नाही. धाकटा मुलगा व्यंकटेश. १९५५ साली त्याने 'बनगरवाडी' लिहिली. एकाच माळावर वाढलेले दोन भाऊ; दोन वर्षांच्या अंतराने एकाने ढग भरून आणले, दुसऱ्याने आभाळ कोरडं ठेवलं.

थोरल्याला दुष्काळ ठाऊक नव्हता असं कोणी म्हणू नये. धाकट्याने पाहिले त्याहून जास्तच उन्हाळे त्याने त्या मुलखात पाहिले होते. पण गाणं मागणीनुसार लिहायचं असतं, आणि भर उन्हात विहिरीचा तळ खरवडणाऱ्या मोराला कोणताही निर्माता पैसे देत नाही. उलट 'बनगरवाडी'ला चाल लावा म्हणून कोणी माडगूळकरांच्या दारात उभं राहिलं नसणार. माध्यमच हवामान ठरवतं. १९५५लाच गदिमांचं गीतरामायण पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला लागायचं आणि माणसं रेडिओला हार घालून ऐकायची. धाकट्याच्या मेंढरांना हार कोण घालणार?

विदर्भातही हीच वाटणी. कालिदासाचा यक्ष रामगिरीवर अडकलेला, म्हणजे रामटेकला, असं आपण अभिमानाने मानतो. आषाढाच्या पहिल्या दिवशी त्याला ढग दिसला आणि त्याने बायकोला निरोप धाडला. मराठीत या काव्याची भाषांतरं किती! चिंतामणराव देशमुखांनी केलं, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झालेला माणूस. बोरकर, कुसुमाग्रज, शान्ता शेळके यांनीही केलं. पण तो ढग रामटेकहून निघाला तो उत्तरेला, नर्मदेकडे, उज्जयिनीकडे. बुलढाणा त्याच्या वाटेवर नव्हतं. बुलढाण्याच्या मातीतून सदानंद देशमुखांनी 'बारोमास' आणली, २००४चा साहित्य अकादमी पुरस्कारही तिला मिळाला. तिच्यातला एकनाथ शिकून, नोकरी न लागून, बापाबरोबर कोरडवाहू शेतीत अडकलेला. यक्षाची बायको अलका नगरीत, एकनाथच्या बायकोचं नावच अलका, आणि तीही माहेरी निघून जाते. निरोप न्यायला एकनाथकडे ढग नाही. असता तर त्याने त्याला आधी शेतावर थांबवून घेतला असता.

माझी सासुरवाडी आटपाडीकडची. मेव्हणा डाळिंबं करतो. परवा मी मोठ्या उत्साहाने फोन लावला.

"पाऊस आहे का रे?"

"कुठला पाऊस, दाजी. नुसतं वारं हाय. आभाळ येतंय न जातंय."

"अरे, आभाळ येतंय म्हणजे येईल की."

"आभाळ नगंच हाय. तेल्या पडतोय बागंवर."

तेल्या म्हणजे डाळिंबावरचा काळा तेलकट डाग. दमट, ढगाळ हवा मिळाली की तो झाडावरून झाडावर सरकतो, फळाला तडा जातो आणि व्यापारी फळ हातातही घेत नाही. म्हणजे ज्या हवेत गदिमांचा मोर नाचतो, नेमक्या त्याच हवेत गदिमांच्या तालुक्यातला बागाईतदार पाठीवर फवारणीचा पंप चढवतो. मी कुठलं गाणं ऐकत होतो ते त्याला सांगितलं नाही.

"मग पाण्याचं काय?" मी विचारलं.

"टेंभूचं आलंय की. बिल पण आलंय."

ही नवी बनगरवाडी, आणि ती अजून कोणी मनासारखी लिहिलेली मला तरी सापडलेली नाही. पाऊस पडतो महाबळेश्वरला. तो कृष्णेतून कराडजवळ टेंभूला येतो. तिथून मोटारी त्याला टप्प्याटप्प्याने डोंगर चढवत खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडे नेतात. दुसऱ्याच्या आभाळातला पाऊस, विजेवर वर चढवलेला, पाणीपट्टी लावून. त्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीला वर्षानुवर्षं पाणी परिषदा भरवल्या, लोक मोर्च्याने गेले, तेव्हा कुठे हे पाणी आलं. कारभारी, मास्तर आणि ओस पडलेली वाडी यांच्या जागी आता पंपहाऊस, आवर्तन आणि थकबाकी आहे. कादंबरीला आणखी काय हवं? पण आपल्या तरुण लेखकाला अजूनही खिडकीतला पाऊस सुचतो, आणि फारच सामाजिक भान आलं तर खिडकीखालचा पाणीपुरीवाला.

दोन्ही खात्यांत एकाच वेळी नोकरी केलेली माणसं आपल्याकडे थोडी. बहिणाबाई होत्या. आणि ना. धों. महानोर, अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेडला स्वतः शेती करणारे. १९७७ साली जब्बार पटेलांनी गो. नी. दांडेकरांच्या 'जैत रे जैत' या कादंबरीवर चित्रपट केला, कर्नाळ्याच्या कुशीतल्या ठाकरांची गोष्ट, तेव्हा गाणी महानोरांनी लिहिली. कादंबरीच्या रानात गाण्याचा पाऊस पडला आणि खोटा वाटला नाही, अशी उदाहरणं आपल्याकडे हाताच्या बोटांवर. त्या गाण्यांत पाऊस प्रेयसीसाठी येतो, पण येताना जमिनीला विचारून येतो. पुढे हा कवी विधान परिषदेत जाऊन शेततळी आणि पाणलोटावर बोलत बसला, तेव्हा रसिकांची जरा पंचाईत झाली. कवीने पाण्यावर लिहावं, पाण्याबद्दल बोलू नये, असा आपल्याकडे संकेत आहे.

यंदाचं राहू द्या, पण २०२५ साली मोसमी पावसाने मुंबई २६ मे रोजीच गाठली. नोंदींतलं सगळ्यात लवकरचं आगमन. गाण्यांच्या खात्याची धावपळ उडाली. आंबे संपले नव्हते, भजीचं पीठ भिजलं नव्हतं, रेडिओवाल्यांच्या याद्या जूनच्या होत्या. तक्रार अशी की पाऊस आला पण मूड आला नाही. उन्हाळी कांदा उघड्यावर पडलेल्या शेतकऱ्याचाही मूड गेला होता, पण त्याच्यासाठी वेगळी यादी लागते.

मेव्हण्याच्या मुलखातला खरा पाऊस तसाही जूनचा नव्हे. मृग, आर्द्रा वाऱ्यावर जातात. ज्याच्यावर रब्बीची ज्वारी उभी राहते, तो येतो परतताना, सप्टेंबर सरता सरता, हस्त नक्षत्रात. तोवर शहरातले पावसावरचे लेख छापून संपलेले असतात. गंमत म्हणजे या पावसासाठी आपल्याकडे गाण्यांचा अख्खा उत्सव आहे. पाटावर हत्ती मांडून मुली फेर धरतात. कोणी त्याला भोंडला म्हणतं, आमच्या सासुरवाडीला हादगा. आभाळात हत्ती गडगडत असतो, माळावरची माती पहिल्यांदा पोटभर पिते, आणि गाण्यांत काय असतं? कारल्याचा वेल असतो, आणलेले आणि नाकारलेले दागिने असतात, माहेरी जाऊ न देणारी सासू असते. पावसाचं नाव शोधावं लागतं. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो दारात उभा आहे आणि बायका त्याच्याकडे पाठ करून सासूचा हिशेब चुकता करतायत, आणि खिरापतीच्या डब्यात काय आहे ते ओळखतायत.