काहीतरी चांगलं द्या!

अभिनंदन. सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलाशी तुम्ही रुजू झालात. तारखेचा शिक्का, वाळत आलेला शाईचा पॅड, सभासदांच्या कार्डांचा ट्रे आणि करकरणारी खुर्ची एवढा ऐवज तुमच्या ताब्यात आला आहे. पगाराचं विचारू नका, तो अनुदान आलं की होतो. प्रमाणपत्र परीक्षेसाठी तुम्ही ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य हे घोकलंत, रंगनाथनांची १९३१ सालची पाच सूत्रंही घोकलीत. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, असं त्यातलं दुसरं सूत्र आहे. त्याचं पुस्तक कोणतं ते कसं ओळखायचं, याचं सहावं सूत्र काही त्यांनी दिलं नाही. मी या टेबलाशी बावीस वर्षं काढली, म्हणून ही मार्गदर्शिका.

सभासद टेबलाशी येतो, पिशवीतून पुस्तक काढून ठेवतो आणि म्हणतो, "मॅडम, काहीतरी चांगलं द्या." नवशिका इथेच फसतो. त्याला वाटतं, चांगलं म्हणजे चांगलं. तो मोठ्या उमेदीने 'कोसला' काढून देतो आणि तिसऱ्या दिवशी ती परत येते. 'कोसला' उत्तमच आहे, पण मागणाऱ्याने 'कोसला' मागितली नव्हती. निवृत्त काकांच्या तोंडी "चांगलं" म्हणजे ऐतिहासिक. काकूंच्या तोंडी "चांगलं" म्हणजे मध्ये रडवणारं आणि शेवटी सगळ्यांना घरी आणून सोडणारं. नोकरदार माणसाचं "चांगलं" म्हणजे मागच्या वेळी दिलं होतं तसंच, पण ते नव्हे. आणि बऱ्याच दिवसांनी वाचायला लागलेल्या तरुणाचं "चांगलं" म्हणजे पातळ.

मग "तुम्हाला काय आवडतं?" असं सरळ विचारावं का? मुळीच नाही. हा प्रश्न विचारला की माणूस मुलाखतीला बसल्यासारखा ताठ होतो आणि "वैचारिक" म्हणतो. वैचारिक मागणाऱ्याला वैचारिक देऊन बघा, वर्गणी थकते.

त्यापेक्षा परत आलेल्या पुस्तकाकडे बघा. सभासद खोटं बोलेल, पुस्तक बोलत नाही. अडतिसाव्या पानात एसटीचं तिकीट अडकलेलं असेल, तर वाचन तिथेच उतरलं. दोनशेबाराव्या पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ असेल, तर गाडी निदान तिथवर पोचली. कडेला हळदीचा अंगठा उमटला असेल, तर स्वयंपाक करतानाही पुस्तक खाली ठेववलं नाही. अशा वेळी "पुस्तकं खराब करू नका" असं बोलायचं नाही. त्याच लेखकाचं पुढचं पुस्तक मुकाट्याने पुढे सरकवायचं. हळदीचा अंगठा हा कुठल्याही पुरस्काराहून मोठा, असं माझं मत आहे.

पेन्सिलीच्या खुणांचं प्रकरण यातच येतं. आपण हे पुस्तक वाचलंय की नाही, हे ज्येष्ठ सभासदांच्या लक्षात राहत नाही, म्हणून प्रत्येकाने आपापली गुप्त खूण ठरवलेली असते. कुणी सतराव्या पानाच्या आकड्याखाली टिंब देतो, कुणी पन्नासाव्याला गोल करतो, कुणी शेवटच्या पानावर बारीक 'श्री' काढतो. कपाटाशी उभे राहून ते थेट आपलं पान उघडतात, खूण दिसली की पुस्तक परत खोचतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात कर्तव्यभावनेने मी खोडरबर घेऊन बसले आणि कादंबऱ्यांचं एक अख्खं कपाट स्वच्छ केलं. रणजित देसाईंच्या 'स्वामी'च्या एकाच प्रतीतून अकरा जणांच्या खुणा पुसल्या. पुढचे सहा महिने निम्म्या ज्येष्ठांनी वाचलेलीच पुस्तकं पुन्हा नेली. तक्रार फक्त एकाने केली. बाकीच्यांना ती पुस्तकं आवडली.

ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी एक. ते पुस्तक चाळत नाहीत, तोलतात. 'मृत्युंजय' कितीही आवडता असला तरी उताणं झोपून छातीवर धरवत नाही. शिफारस करण्याआधी बाइंडिंगवाल्याने पुठ्ठा किती जाड घातलाय ते पाहा.

मुलांचा विभाग अवघड, कारण तिथे गिऱ्हाईक दोन असतात. आईला संस्कार हवे असतात आणि मुलाला भूत. आई 'श्यामची आई' मागते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक ती स्वतः लहानपणी रडत रडत वाचलेली असते आणि आता तिला मुलाला रडवायचं असतं. नाही म्हणू नका. 'श्यामची आई' आईच्या कार्डावर द्या आणि मुलाच्या कार्डावर भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' टाका. फुरसुंगीचा हा काटकुळा बन्या नको तिथे नाक खुपसून चोर पकडतो आणि तरी आईला आक्षेप घ्यावा असं काही करत नाही. पुढच्या शनिवारी आईने 'श्यामची आई' पुन्हा एकदा वाचून काढलेली असते आणि मुलगा फेणेचा पुढचा भाग मागत असतो. पोरगं त्यातही रमलं नाही, तर भागवतांनीच मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न काढा आणि 'चंद्रावर स्वारी' देऊन मोकळे व्हा. भुतांसाठी दहावीनंतर या, असं सांगा. तो आठवीतच येईल.

अलीकडे लोक टेबलाशी सिनेमाही विचारतात. "मॅडम, रविवारी सगळ्यांनी मिळून बघण्यासारखं काय आहे?" आपल्याकडे सिनेमे नाहीत, एकेकाळच्या सीडींच्या खोक्याला बुरशी लागली, हे खरं. पण उत्तर द्यायचंच, आणि असं द्यायचं की माणूस सोमवारी पुस्तकासाठी आला पाहिजे. आजी-आजोबा घरात असतील तर अत्र्यांचा १९५३ चा 'श्यामची आई' सांगा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याचंच. नातवंडं कृष्णधवल बघणार नाहीत अशी कुरकूर झाली, तर सांगा की सुजय डहाकेने २०२३ मध्ये पुन्हा काढला, तोही कृष्णधवलच. याच डहाकेचा 'शाळा' कॉलेजातल्या पोरांना सांगा, म्हणजे मिलिंद बोकिलांच्या कादंबरीची प्रत फिरती राहते. अमोल पालेकरांच्या 'बनगरवाडी'वरून माडगूळकरांकडे, 'दुनियादारी'वरून सुहास शिरवळकरांकडे, ही वाट मळलेली आहे. सिनेमा बघून आलेला माणूस पुस्तक परत करताना एकच वाक्य बोलतो: "पुस्तकात जास्त आहे." तुम्ही चकित झाल्यासारखं करा.

दिवाळी अंकांची शिफारस करू नये. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या बाबतीत मराठी माणूस कुणाचं ऐकत नाही. तो आधी राशिभविष्याचं पान उघडतो. 'आवाज' तेवढा परत घेताना सभासदासमोर त्यातल्या चित्रांच्या खिडक्या मोजून घ्या.

आता 'आमची निवड' या फलकाविषयी. एकदा कार्यकारिणीच्या मनात आलं की कर्मचाऱ्यांनी स्वतःची आवडती पुस्तकं वेगळ्या मांडणीवर ठेवावीत, खाली चिठ्ठीत कारण लिहावं. ग्रंथपालांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' ठेवलं, चिठ्ठीत अभिरुचीवर सात ओळी लिहिल्या. मी 'व्यक्ती आणि वल्ली' ठेवलं. भित्र्या माणसाने पु. लं.चं नाव घ्यावं. आमच्या शिपाईमामांनी बाबूराव अर्नाळकर ठेवले, पानं सुटलेले, झुंजार आणि काळापहाडवाले. चिठ्ठीवर एवढंच: "लवकर संपते." संध्याकाळपर्यंत मामांचा कप्पा रिकामा झाला. ग्रंथपाल दुखावले. मामा म्हणाले, "साहेब, रोज फडकं मी मारतो. कुठल्या पुस्तकावर धूळ बसत नाही, ते मला विचारायचं ना."

हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाला अभिरुचीच्या नावाखाली खालच्या फळीवर ढकलणारे आपण कोण, हे मला त्या दिवशी कळलं. 'स्मृतिचित्रे' मात्र अजूनही प्रत्येक नव्या सभासदाला दाखवते. दहातला एक नेतो, पण तो पुढे पंधरा वर्षं सभासद राहतो.

एवढं शिकूनही चुका होतात, आणि चुकीच्या शिफारशीला कधी काय फळ येईल सांगता येत नाही. 'तुंबाड' हा हिंदी सिनेमा २०१८ मध्ये आला आणि २०२४ मध्ये पुन्हा लागला, तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. त्या सुमारास एक अभियांत्रिकीचा मुलगा आला, कानात बाळी, पाठीला सॅक. "तुंबाडचं पुस्तक आहे का?" म्हणाला. मी उठून 'तुंबाडचे खोत' काढून दिलं. त्या सिनेमाची मूळ कथाकल्पना नारायण धारपांच्या 'आजी' या कथेतली, श्री. ना. पेंडशांकडून दिग्दर्शकाने घेतलं ते फक्त नाव, हे माझ्या ध्यानात आलं तोवर पोरगं जिना उतरून गेलं होतं. कादंबरीत ना सिनेमातला हस्तर, ना सोन्याची नाणी. जगबुडी नदीच्या काठावर चार पिढ्या भांडतायत, मरतायत, एवढंच. धारपांचा संग्रह मी टेबलावर काढून ठेवला आणि माफी मागायची तयारी केली.

तो बारा दिवसांनी आला. पुस्तकाच्या कडेला लाल तिखटाचा अंगठा होता, मेसच्या मिसळीचा असावा. भूत कुठे गेलं, असं त्याने विचारलं नाही. "पुढचा खंड द्या" म्हणाला.

'तुंबाडचे खोत', खंड दुसरा, आमच्या नोंदीप्रमाणे गेल्या मार्चपासून बाहेर आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया आणून द्यावा. दंड घेणार नाही. मुलगा दर शनिवारी येऊन विचारतो.