थ्रीडी प्रिंटरला कुलूप

अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी स्वतः करून बघायच्या प्रयोगशाळेसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं: १० लाख उभारणीला, १० लाख पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाला. शिवाय ‘मेंटॉर ऑफ चेंज’, म्हणजे नोकरी-धंद्यातला एखादा इंजिनिअर किंवा संशोधक, तोही विनामोबदला. २०१६ पासूनची ही योजना कागदावर इतकी छान आहे, की काही शाळांनी ती कागदावरच जपून ठेवली आहे.

अशाच एका शाळेत थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकच्या कव्हरखाली सुखात आहे. डेड स्टॉक रजिस्टरात नोंद असल्यामुळे तो बिघडता कामा नये, आणि बिघडू नये म्हणून चालवायचा नाही. किल्ली मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक मीटिंगला.

मेंटॉर म्हणून आलेले पाहुणे इंजिनिअर नेमके उत्साही निघाले. ‘पोरांना दोन-चार सर्किटं जाळू द्या हो!’ विज्ञानाच्या सरांचा चेहरा पडला. ‘साहेब, जळाल्याचं व्हाउचर कुठल्या हेडला टाकू?’ (सरांचं तरी काय चुकलं? न केलेला प्रयोग ऑडिटरला दिसत नाही, हरवलेला सेन्सर बरोबर दिसतो.)

शेवटी तोडगा निघाला. शाल, श्रीफळ देऊन साहेबांचा सत्कार झाला आणि पोरांनी फोटोपुरती सोल्डरिंग गन हातात धरली, प्लग न लावता.