वाचकांनी कामकाजात अडथळा आणू नये

शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयाचा सगळा कारभार वाचकाशिवाय उत्तम चालू शकतो, ही गोष्ट अजून कोणी पुरेशा कौतुकाने सांगितलेली नाही. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यासारख्या गावात ग्रंथालय चालवायचे म्हणजे पुस्तके सांभाळायची, असे बाहेरच्या माणसाला वाटते. आतल्या माणसाला ठाऊक असते की रजिस्टरे सांभाळायची. संस्था आधी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवायची. कार्यकारिणी बदलली की फेरफार अर्ज करायचा. तो राहून गेला तर जुने अध्यक्ष स्वर्गवासी झाल्यावरही कागदोपत्री कारभार पाहत राहतात. मग दाखल नोंदवही, देवघेव रजिस्टर, सभासदांचे रजिस्टर, रोजच्या वाचकांच्या सह्यांची वही, कीर्द, खतावणी, व्हाउचरची फाइल, डेडस्टॉक, सभेचे इतिवृत्त, सीएने तपासलेला हिशेब आणि वार्षिक अहवाल. नवे पुस्तक आले की त्याला दाखल क्रमांक पडतो आणि शिक्के बसतात: एक पहिल्या पानावर, एक शेवटच्या, आणि एक मधल्या कुठल्यातरी ठरलेल्या ‘गुप्त’ पानावर. चोराने पहिले पान फाडले तरी मालकी सिद्ध व्हावी, हा त्यामागचा हेतू. पुस्तक कोणी उघडलेच नाही तर तो शिक्का कायमचाच गुप्त राहतो. त्यालाही हरकत नसते, कारण तपासणीला येणारे साहेब दाखल क्रमांक जुळवतात. पानांना दुमड पडली आहे का, हे काही पाहत नाहीत. पाहणार तरी कसे, त्यासाठी तक्त्यात रकाना नाही. थोडक्यात, सरकार ग्रंथालयाकडून वाचनाचा पुरावा विकत घेते, आणि पुरावा तयार करायला वाचकापेक्षा बॉलपेन जास्त उपयोगी पडते.

हा कोणाच्या हेतूवर आरोप नाही, साधा भागाकार आहे. शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, आणि खेड्यापाड्यांतली पुष्कळशी ग्रंथालये खालच्या दोन इयत्तांत वर्षानुवर्षे बसून आहेत. ड वर्गाचे वार्षिक अनुदान २०१२ नंतर दहा वर्षे ३०,००० रुपये होते. २०२२ च्या अखेरीस त्यात ६० टक्के वाढ झाली आणि ते ४८,००० झाले. ‘६० टक्के’ हा आकडा मथळ्यात फार शोभून दिसला. यातले निम्मे वेतनावर आणि निम्मे वेतनेतर खर्चावर, अशी विभागणी. म्हणजे त्या दराने ग्रंथपालाला वर्षाला २४,०००, महिन्याला २,०००, आणि महिन्याचे सव्वीस दिवस कुलूप उघडले तर दिवसाला ७७ रुपये. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये रोजी २९७ रुपये होती. ग्रंथपाल काही दिवसभर माती उपसत नाही, दोन-तीन तास तर बसायचे असते, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण त्याच दोन-तीन तासांत त्याने दहावीच्या मुलीला तिच्याजोगते पुस्तक काढून द्यावे, निवृत्त मास्तरांना कालचे वर्तमानपत्र शोधून द्यावे, वर सांगितलेली सगळी रजिस्टरे भरावीत आणि शिवाय गावात वाचनसंस्कृती रुजवावी, अशी अपेक्षा असते. ७७ रुपयांत यातली एकच गोष्ट होते. कोणती, ते चतुर ग्रंथपाल पहिल्याच महिन्यात ओळखतो, कारण अनुदान रजिस्टर न भरल्याने अडते, मुलगी रिकाम्या हाताने परत गेल्याने अडत नाही. या रकमेत आणखी निम्म्याची भर पडली तरी भागाकाराचा स्वभाव बदलणार नाही. फक्त पुन्हा एकदा टक्केवारीचा मथळा मिळेल.

उरलेल्या २४,००० मध्ये वर्तमानपत्रांचे बिल, विजेचे बिल, खोलीचे भाडे, झेरॉक्स, हिशेब तपासणीची फी, गोंदियाच्या जिल्हा कार्यालयाच्या खेपा आणि पावसाळ्यात लोखंडी कपाटात टाकायच्या डांबरगोळ्या. एवढे सगळे झाल्यावर पुस्तके. पैसे हप्त्यांनी येतात आणि शेवटचा हप्ता मार्चच्या तोंडावर आला की खर्च ३१ तारखेच्या आत दाखवायचा असतो. त्यामुळे ‘मार्चमध्ये घेतलेली पुस्तके’ हा मराठीतला एक स्वतंत्र साहित्यप्रकार मानायला हरकत नाही. पुठ्ठा जाड, अक्षर मोठे, किंमत त्याहून मोठी, आणि नावात ‘थोर’ किंवा ‘यशस्वी’ यांपैकी एक शब्द नक्की. गावाला काय हवे, हे विचारायला मार्चमध्ये वेळ नसतो आणि एप्रिलमध्ये पैसे नसतात. आता गोंदियाचा परिसर म्हणजे मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या कुशीतला. एकाच आळीत पोवारी, झाडीबोली, छत्तीसगढी, हिंदी आणि शाळेची मराठी अशा सगळ्या भाषा नांदतात, आणि चहाच्या टपरीवर हिंदी वर्तमानपत्र मराठीच्या बरोबरीने वाचले जाते. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात, रात्रभर नाटक बघायला गावेच्या गावे लोटतात. त्या नाटकांच्या संहिता, दंडार या इथल्या लोकनाट्यावरचे लेखन, झाडीबोलीतल्या कविता इथल्या कपाटात पहिल्या फळीवर असायला हव्यात. पण यादी बनते ती पुस्तक विक्रेत्याच्या कॅटलॉगवरून, आणि कॅटलॉगाला वैनगंगा कुठून वाहते हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

कुडव्याची गोष्ट याहून गमतीची आहे. २०११ च्या जनगणनेने कुडव्याला ‘जनगणना नगर’ ठरवले. लोकसंख्या किमान ५,०००, दाटी चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, या त्यासाठीच्या अटी. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. जनगणनेच्या लेखी शहर, पंचायतराजच्या लेखी खेडे, आणि कुडवा नाक्यावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या लेखी गोंदियाच. गोंदिया कुठे संपते आणि कुडवा कुठे लागते, हे घरपट्टीच्या पावतीवरूनच काय ते कळावे. आता राज्यघटना उघडावी. ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याचे २९ विषय आहेत आणि त्यांतला विसावा विषय आहे ग्रंथालये. ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांचे १८ विषय आहेत. त्यांत स्मशानभूमी आहे, गुरांचे कोंडवाडे आहेत, कत्तलखान्यांचे नियमनही आहे. ग्रंथालय हा शब्द नाही. शहरातल्या वाचकाने ‘सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबी’ या तेराव्या विषयात अंग चोरून बसावे, अशी सोय आहे. म्हणजे कुडवा जोवर खेडे आहे तोवर ग्रंथालय हा त्याचा घटनेत नोंदलेला विषय. उद्या बढती मिळून नगरपंचायत झाली की कोंडवाडा पक्का आणि ग्रंथालय अध्याहृत. गावाचे शहर व्हावे म्हणून आंदोलने करणाऱ्यांनी हा सौदा एकदा नीट वाचून घ्यावा. अर्थात वाचायला जागा कुठे, हा प्रश्न राहतोच.

ग्रामपंचायतीला हा विषय मिळून तीन दशके झाली, तरी तिने काय केले, असे विचारणे सोपे आहे. पण तिच्याकडे विषय आला, पैसा आला नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, घटनादुरुस्तीच्या पाव शतक आधीचा. त्याने आखलेली वाट मुंबईच्या ग्रंथालय संचालनालयातून निघते, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यापाशी येते आणि तिथून थेट नोंदणीकृत संस्थेच्या बँक खात्यात जाते. या वाटेवर ग्रामपंचायत कुठेच लागत नाही. तिने फार तर एखादी खोली द्यावी आणि खोलीवर उद्घाटकांच्या नावांची संगमरवरी पाटी लावावी. ही पाटी गावातला सर्वांत जास्त वाचला जाणारा मजकूर असतो. याउलट बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणवला आणि गावोगाव ग्रंथालये काढली, तेव्हा हिशेब साधा ठेवला होता: गावाने एक वाटा जमवायचा, तेवढाच प्रांत पंचायतीने घालायचा, तेवढाच सरकारने. ज्याचा पैसा त्यात आहे तो आठवड्यातून एकदा तरी डोकावून जातो, एवढे शहाणपण त्या योजनेत होते. आपल्याकडे पैसा मुंबईहून येतो, म्हणून डोकावायलाही मुंबईचाच माणूस लागतो, आणि त्याला बिचाऱ्याला सगळा महाराष्ट्र आहे.

आता यावर पहिला आक्षेप असा की ही रजिस्टरशाही काही उगाच आलेली नाही; ग्रंथालये नुसती कागदावर होती म्हणून ती आली. मे २०१२ मध्ये महसूल यंत्रणेकडून राज्यभरच्या ग्रंथालयांची पडताळणी झाली, त्रुटींचा ढीग निघाला, आणि पुढे नव्या ग्रंथालयांना मान्यता व जुन्यांना वरचा वर्ग देणे वर्षानुवर्षे थांबले. आक्षेप खराच आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. ही कागदावरची ग्रंथालये पडताळणीपर्यंत टिकली कशी? त्यांची रजिस्टरे चोख होती म्हणून. पुराव्यावर पैसे मिळत असतील तर पुरावा पिकवणारे निघणारच. तेव्हा औषध काय दिले गेले? आणखी कागद, आणि जोडीला सरसकट शिक्षा. ज्या गावात ग्रंथालयच नव्हते, त्या गावाला दुसऱ्या गावच्या बोगस ग्रंथालयाबद्दल दशकभर शिक्षा झाली. हा न्याय कुठल्या कायद्याच्या पुस्तकात आहे, ते पाहायलाही जवळ ग्रंथालय हवे होते.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. लोक वाचतच नाहीत, मग ग्रंथालय कशाला? याचे उत्तर कुठल्याही तालुक्याच्या गावात संध्याकाळी मिळते. ग्रंथालयाच्या अभ्यासिका नावाच्या खोलीत पोलीस भरती, तलाठी, रेल्वे, एमपीएससी अशी तयारी करणारी मुले-मुली खांद्याला खांदा लावून बसलेली असतात. ट्यूबलाइटखालची जागा, पंख्याखालची खुर्ची आणि चार्जिंगचा पॉइंट यांवरून वाद होतात. खासगी अभ्यासिका दरमहा पैसे घेऊन चालतात आणि तिथेही जागा नसते. वाचनाला एवढी मागणी असलेला देश शोधून सापडणार नाही. पण गंमत अशी की ही मुले स्वतःची पुस्तके स्वतः आणतात, म्हणून देवघेव रजिस्टरात त्यांची नोंद शून्य. खोली ओसंडून वाहते आणि रकाना कोरडा. उलट ज्या ग्रंथालयात कोणी फिरकत नाही, तिथे महिनाअखेरीला बसून तारखा टाकल्या की रकाना भरतो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास म्हणजे काही खरे वाचन नव्हे, असे नाक मुरडणारे रसिकही आहेत. असतील. पण सात-आठ तास पुस्तकासमोर बसणारा माणूस ज्या इमारतीत आहे, त्याच इमारतीतल्या कपाटाला त्याला एक कादंबरी देता येत नसेल, तर दोष त्या मुलाच्या अभिरुचीत शोधू नये.

तिसरा आक्षेप नेहमीचा: पैसा कुठून आणायचा? कर्नाटकाने १९६५ च्या कायद्यात आणि केरळने १९८९ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी स्थानिक करांवर उपकर ठेवला. तमिळनाडूतही तो आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात तो नाही. आपल्या नगरपालिकांच्या बिलात शिक्षण कर येतो, रोजगार हमी कर येतो, झाडांसाठी वृक्ष करही येतो. झाडाला कर आहे, झाडापासून होणाऱ्या कागदाला नाही. उपकराचा पैसाही अडतो, हे मान्य. बंगळूर महापालिकेने गोळा केलेला ग्रंथालय कर ग्रंथालय खात्याला देताना मोठी थकबाकी ठेवल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत. पण थकबाकी मागता तरी येते. जो कर लावलाच नाही तो मागायचा कोणाकडे? शिवाय कुडव्याने विधिमंडळाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. ग्रंथालये व वाचनालये हा ग्रामपंचायतीच्या कामांचाच भाग आहे, आणि स्वतःच्या करातून त्यावर खर्च करायला तिला मुंबईची परवानगी लागत नाही. घरपट्टीच्या वसुलीतला एक ठरावीक वाटा ग्रंथपालाच्या पगाराला जोडला, तर तो ७७ रुपयांवरून निदान रोजगार हमीच्या पायरीपर्यंत चढेल. मग त्याच्याकडे पुस्तक मागायला गावाला संकोच वाटणार नाही, आणि न मिळाल्यास जाब विचारायलाही.

दरवर्षी ग्रंथपाल दिनी, १२ ऑगस्टला, रंगनाथनांच्या तसबिरीला आणि वाचन प्रेरणा दिनी, १५ ऑक्टोबरला, कलामांच्या तसबिरीला हार घातला जातो. फोटो काढून अहवालाला जोडला जातो. या दोन तारखांच्या मध्ये २ ऑक्टोबर येतो, त्या सुमारास ग्रामसभा भरते. सरत्या वर्षात पंचायतीने स्वनिधीतून ग्रंथालयावर किती रुपये खर्च केले, एवढा एकच प्रश्न कुडवावासीयांनी तिथे लेखी द्यावा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. त्यासाठी ग्रंथालयाचे सभासद असण्याची अट नाही, मतदार यादीत नाव असले की पुरते.