रेसिडेंटसाहेब रजेवर आहेत

सरकारी नोकराने आजारी पडायला कुठे जावं, याचा उत्तम धडा हैदराबादच्या रेसिडेन्सीने घालून दिला आहे. निजामाच्या दरबारातले कंपनी सरकारचे वकील, म्हणजे रेसिडेंट, विल्यम कर्कपॅट्रिक तब्येतीने जेरीस आले. हैदराबादेत नामांकित युनानी हकीम होते, मद्रासला समुद्राचा वारा होता. साहेब गेले आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला. तिथली हवा चांगली हे एक कारण. दुसरं कारण आस्थापना शाखेतला कोणताही कारकून झोपेत सांगेल. कंपनीच्या सनदेची हद्द केपपासून पूर्वेकडे सुरू होई. विलायतेला गेलं की भत्ते बंद, केपला राहिलं की भत्ते चालू आणि नोकरीही सलग. त्यामुळे हिंदुस्थानातल्या आजारी साहेबांची तिथे कायम गर्दी. मुख्यालय सोडायचं पण हद्द सोडायची नाही, ही विद्या आपल्याकडे कुठून आली, हे आता लक्षात आलं असेल.

कोणी म्हणेल, माणूस आजारी असताना असं बोलू नये. ठीक आहे, रजेआधीची हजेरी पाहू. 11 मार्च 1795 रोजी खर्ड्याची लढाई झाली. निजामअली जातीने रणात उतरले, मराठ्यांचा मार खाऊन खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन बसले. रेसिडेंटसाहेब निजामाच्या छावणीत हजर होते. पण कंपनीचं धोरण तटस्थतेचं, म्हणून त्यांनी लढाई पाहिली. मस्टरवर सही, टेबलावर काम नाही, असा हा दिवस. तहात निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क ओलीस म्हणून पुण्याला गेला आणि दोन वर्षं अडकून पडला. ही गैरहजेरी अर्जित रजेत धरायची की असाधारण रजेत, यावर निजामाच्या दफ्तरात टिपणी फिरली असणार, असं मला उगाच वाटतं.

तर साहेब केपला. 1798 च्या सुरुवातीला हिंदुस्थानचे नवे गव्हर्नर जनरल, पुढे वेलस्ली म्हणून गाजलेले लॉर्ड मॉर्निंग्टन, हिंदुस्थानच्या वाटेवर तिथे टेकले. आजारी माणसाला भेटायला गेलं की आपण दोन मोसंबी नेतो. लॉर्डसाहेबांनी प्रश्नावली नेली. निजामाच्या पगारावर असलेल्या रेमंडच्या फ्रेंच कवायती फौजेत माणसं किती, तोफा किती, दरबारात कोणाचं वजन? रुग्णाने सगळी माहिती दिली. वैद्यकीय रजेवर एवढं काम केलेला दुसरा अधिकारी मला तरी दाखवा. त्याच वर्षी 1 सप्टेंबरला निजामाशी तह झाला आणि ऑक्टोबरात सुमारे 14,000 ची ती फौज गोळी न झाडता निःशस्त्र झाली.

आणि हैदराबादची खुर्ची? तिच्यावर प्रभारी म्हणून विल्यमसाहेबांचा धाकटा भाऊ जेम्स अकिलीस बसला होता. थोरल्याला लॉर्डसाहेबांनी आपला लष्करी सचिव करून ठेवून घेतलं, तेव्हा धाकटा कायम झाला. प्रभारी माणसाने खुर्ची परत दिल्याची उदाहरणं तशीही कमीच. जेम्ससाहेबांनी त्या खुर्चीसाठी निजामाच्या खर्चाने हैदराबादच्या कोठी भागातला तो खांबांचा महाल उभारला आणि 1805 मध्ये नव्या गव्हर्नर जनरलना, कॉर्नवॉलिसना, भेटायला कलकत्त्याला गेले. भेटीआधीच कॉर्नवॉलिस वारले, आणि दहा दिवसांनी, 15 ऑक्टोबरला, हेही कलकत्त्यातच गेले. महाल मागे राहिला. पुढे त्यात मुलींचं कॉलेज भरू लागलं. त्या इमारतीला लाभलेली ही सर्वांत नियमित हजेरी असावी.

साहेब हजर असूनही पस्तावले असतील, असा दिवस 17 जुलै 1857. त्या संध्याकाळी सत्तावनच्या उठावातले तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन माणसं घेऊन रेसिडेन्सीवर चालून गेले. रेसिडेंट कर्नल डेव्हिडसन आत होते, तोफा त्यांच्या बाजूने होत्या. तुर्रेबाज खान पुढे मारला गेला. मौलवींना अंदमानला पाठवलं, ते परत आले नाहीत. या रजेचा नियम मात्र रेसिडेन्सीने तातडीने शोधून काढला.

आता वऱ्हाडकरांनी कान द्यावा. निजामाने कंपनीच्या कंटिंजंट फौजेचा पगार थकवला, म्हणून 1853 च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांकडे गहाण पडले. धाराशिव-रायचूर 1860 मध्ये सुटले, वऱ्हाड अडकलं. पन्नास वर्षं अमरावती-अकोल्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखाली चालला. म्हणजे साहेब कामावर असले तरी वऱ्हाडला गैरहजरच, आणि रजेवर गेले तर डबल गैरहजर. साहेब बोटीवर चढले की खालचा प्रभारी रेसिडेंट, त्याच्या जागी त्याच्या खालचा, अशी शिडी हलायची. शिडीच्या तळाशी सारा भरणारा कुणबी होता. त्याच्या जागी बसायला कोणी प्रभारी कधी मिळाला नाही. 1902 मध्ये कर्झनसाहेबांनी वर्षाला 25 लाखांच्या भाड्याने वऱ्हाड कायमचं लिहून घेतलं आणि पुढच्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडलं. साहेब आता नागपुरात गैरहजर राहू लागले.

रजेचं शास्त्र तोवर पिकलं होतं. 1 जानेवारी 1922 पासून मूलभूत नियम आले. त्यांत आशियाबाहेरच्या साहेबांसाठी रजेचा जास्त सढळ तक्ता होता, कारण ऊन फक्त त्यांनाच लागे. 1924 च्या ली कमिशनने तर साहेब-मडमेला नोकरीच्या काळात चार वेळा विलायतेचं जाऊन-येऊन भाडं मंजूर करायला सांगितलं. आपण एलटीसीवर कन्याकुमारीला जातो, तेव्हा या पणजोबांचं स्मरण करायला हरकत नाही. मूलभूत नियमही, ठिगळं लावून का होईना, केंद्र सरकारात अजून हजर आहेत. स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, रजेचे नियम रुजू झाले.

हैदराबादच्या रेसिडेंटसाहेबांना शहराजवळच हवापालट करायला बोलारमच्या छावणीत आणखी एक बंगला होता. तोच आजचं राष्ट्रपती निलयम. राष्ट्रपती वर्षातून काही दिवस तिथे येतात. 2023 पासून तो सामान्यांनाही पाहायला खुला आहे. सोमवारी मात्र सुट्टी असते.